वायफायचे पैसे कटले, पण कंपनीकडे दिसत नाहीत: आधी हे तपासा

“दादा, पैसे कटले, बँकेचा मेसेज पण आला, अन् कंपनीवाले म्हनायलेत तुमचं पेमेंटच नाई.”

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं ऑनलाइन सेवा केंद्र आहे. सातबारा, पीक विमा, शिष्यवृत्तीचे फॉर्म या रांगेत ही तक्रार आता कायमची येऊन बसली आहे. नवीन फायबर घेणारा माणूस तसा अडाणी नसतो, रोज फोनवर व्यवहार करतो. तरी इथं अडकतो, कारण पैसे नेमके कुणाच्या खात्यात चालले आहेत हे भरताना कुणी बघत नाही. रक्कम बघतात, पिन टाकतात, हिरवी टिक दिसली की फोन खिशात.

आपल्या मराठवाड्यात फायबर घरापर्यंत येतं ते बहुतेक करून गावातल्या केबलवाल्याच्या हातून. बीएसएनएलचं फायबरसुद्धा बऱ्याच ठिकाणी स्थानिक भागीदारच घरात आणून देतो. वायर ओढणारा, राउटर लावणारा आणि पैसे घेणारा माणूस एकच. त्यात वावगं काही नाही. रात्री लाइन गेली तर शिडी घेऊन तोच येतो, कंपनीचा कस्टमर केअरवाला येत नाही. पण त्याचं खातं आणि कंपनीचं खातं ही दोन वेगळी घरं आहेत. त्याला दिलेले पैसे कंपनीला आपोआप कळत नाहीत. तो त्याच्या पोर्टलवरच्या बॅलन्समधून तुमचं खातं सुरू करतो, तेव्हा कुठं तुमचं नाव कंपनीच्या यादीत चढतं. त्याचा बॅलन्स संपलेला असेल, किंवा त्यानं तुमच्या पैशातून आधी दुसऱ्याचं रिचार्ज मारलं असेल, तर तुमचं काम तिथंच थांबतं.

म्हणून तक्रार करायच्या आधी फोनमधला इतिहास उघडा आणि रक्कम सोडून नाव वाचा. परवा एक काका आले होते. फोनपेवर ३५३३ रुपये, हिरवी टिक, सगळं व्यवस्थित. नावाच्या जागी मात्र कंपनी नव्हती, एका बाईचं नाव होतं.

“काका, ह्या कोण?”

“ती त्याची मंडळी असंल. दुकानात स्कॅनर चिकटवलेला व्हता, त्याच्यावरच मारले.”

आता अशा वेळी कंपनीच्या टोल फ्री नंबरवर कितीही वेळ गाणं ऐकलं तरी उत्तर एकच मिळणार: पेमेंट आलेलं नाही. ते खरंच आलेलं नाही. काकांनी केबलवाल्याला यूटीआर नंबर पाठवला, संध्याकाळी कनेक्शन सुरू झालं. त्याच्या मनात खोट नव्हती, नोंद करायची राहिली होती. पण सगळेच असे भेटत नाहीत.

यूटीआर म्हणजे कोणता नंबर, यावरही गोंधळ होतो. फोनपेवर टी अक्षरापासून सुरू होणारा लांबलचक व्यवहार क्रमांक वर दिसतो, लोक तोच सांगतात. बँकेला आणि ऑपरेटरला हवा असतो तो खाली दिसणारा १२ अंकी यूटीआर. बाकी ॲपमध्येही ‘डिटेल्स’ उघडलं की मिळतो. स्क्रीनशॉटपेक्षा हा नंबर महत्त्वाचा, कारण खोटे स्क्रीनशॉट बनवणारी ॲप आहेत आणि आता दुकानदारही त्यावर विश्वास ठेवत नाहीत.

पैसे नेमके कुठं आहेत

ॲपवरच्या रंगावर जाऊ नका. पासबुक भरून आणा किंवा बँकेच्या ॲपमधलं स्टेटमेंट बघा. त्यावरून पुढचा रस्ता ठरतो.

ॲपवर ‘फेल’ आणि स्टेटमेंटमध्येही वजावट नाही, तर पुन्हा भरायला हरकत नाही. ॲपवर ‘फेल’ किंवा ‘पेंडिंग’, पण खात्यातून रक्कम गेलेली, तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. इथंच लोक घाई करतात. समोर लाइनमन उभा असतो, वायर ओढून झालेली असते, तो म्हणतो “भाऊ, परत एकदा मारून बगा”, आणि माणूस परत मारतो. मग दोन्ही जातात, आणि दुसरे कुणी लवकर परत करत नाही.

रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०१९ मध्ये याचा नियम घालून दिला आहे. यूपीआयनं दुकानदाराला किंवा कंपनीला पैसे भरले, तुमच्या खात्यातून गेले, पण समोरच्याला पक्कं झाल्याचं कळलं नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत रक्कम आपोआप परत आली पाहिजे. माणसाकडून माणसाला पाठवलेले असतील आणि त्याच्या खात्यात जमा झाले नसतील तर मुदत १ दिवसाची. त्यापुढे उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई, आणि ती ग्राहकानं मागायची वाट न बघता द्यायची आहे. हे दिवस कॅलेंडरचे, रविवारही त्यात धरायचा. मधल्या काळात ॲपमधल्या त्या व्यवहारावरच तक्रार नोंदवून ठेवा. यूपीआयच्या तक्रारीसाठी १८००-१२०-१७४० हा एनपीसीआयचा, म्हणजे यूपीआय चालवणाऱ्या संस्थेचा, टोल फ्री नंबरही आहे.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात घ्या. हा नियम अडकलेल्या पैशासाठी आहे. पैसे केबलवाल्याच्या मंडळीच्या खात्यात रीतसर जमा झाले असतील, तर बँकेच्या लेखी व्यवहार पूर्ण झाला. बँक ते ओढून आणत नाही. मग भांडण तुमचं आणि त्याचं, आणि तुमच्या हातात पावती असेल तरच त्या भांडणाला काही अर्थ.

त्यामुळं स्कॅन केल्यावर, पिन टाकायच्या आधी, वर आलेलं नाव वाचायचं. खासगी नाव आलं तर सरळ विचारायचं: “हे पैसे कंपनीत कधी चढणार, आणि मला मेसेज कधी येणार?” खाली टिपेची छोटी चौकट असते, तिच्यात ‘नवीन फायबर कनेक्शन, अनामत’ किंवा ‘सहा महिन्यांचा प्लॅन’ असं दोन शब्दांत लिहून टाकावं. उद्या वाद झाला तर ‘उसने दिले होते’ असं म्हणायला जागा राहत नाही.

शक्य असेल तर याहून बरा मार्ग आहे. आधी कंपनीच्या ॲपवर किंवा वेबसाइटवर आपल्या मोबाइल नंबरानं नोंदणी करायची, ऑर्डर नंबर पडू द्यायचा, आणि त्या ऑर्डरवरच्या लिंकनं पैसे भरायचे. मग वायर ओढायला तोच केबलवाला आला तरी चालतो, त्याचं कमिशन त्याला कंपनीकडून मिळतं. काही ऑपरेटर याला नाक मुरडतात. मुरडू द्या.

४९९ चा प्लॅन, मग ३५३३ कसे?

निम्मी भांडणं इथली आहेत. पॅम्फ्लेटवर मोठ्या अक्षरात ४९९ छापलेले असतात. प्लॅन घ्यायचा तर सहा महिन्यांचे आगाऊ द्या म्हणतात: २९९४. त्यावर १८ टक्के जीएसटी: ५३८ रुपये ९२ पैसे. झाले ३५३३. काकांचे तेवढेच गेले होते, कुणी जास्त घेतले नव्हते. पण त्यांना वाटत होतं की यातच राउटरची अनामत आली. ती आली नव्हती, आणि दुसऱ्या दिवशी त्याबद्दल फोन आला तेव्हा ते चिडले.

पैसे देताना तीन वेगळ्या रकमा वेगळ्या बोलून घ्याव्यात. एक, अनामत: राउटरसाठी किंवा ज्याला आपण ‘डबी’ म्हणतो त्या ओएनटीसाठी (फायबरची वायर घरात जिला जोडतात ती), कनेक्शन बंद केल्यावर परत मिळणारी. परत मिळणाऱ्या अनामतीवर जीएसटी लागत नाही. कुणी लावत असेल तर ती अनामत नाही, फी आहे. दोन, बसवण्याचा खर्च: हा परत मिळत नाही. ‘फ्री इन्स्टॉलेशन’ लिहिलेलं असतं तेव्हा बहुधा ठरावीक लांबीची वायर फुकट असते. घर खांबापासून लांब असेल, शेतातल्या वस्तीवर असेल, तर पुढच्या वायरीचे पैसे दर मीटरप्रमाणे लागतात. आणि तीन, प्लॅनचे आगाऊ पैसे. पावतीवर या तीन ओळी वेगळ्या लिहून मागा. ‘वायफायचे मिळाले ३५३३’ एवढंच लिहिलेल्या पावतीचा वर्षभरानंतर काही उपयोग नाही.

सहा महिन्यांचे किंवा वर्षाचे एकदम भरावेत का? माझं मत स्पष्ट आहे: गल्लीत त्या कंपनीची लाइन आधीपासून नीट चालत असेल, शेजारी दोन वर्षं वापरत असेल, तर भरा, कधी कधी अनामत किंवा बसवण्याचा खर्च माफ होतो. लाइन नवीनच आली असेल तर पहिले एक-दोन महिने महिन्याचेच भरा, थोडे जास्त गेले तरी चालतील. पावसाळ्यात वायर किती वेळा तुटते आणि जोडायला कधी येतात, हे बघितल्याशिवाय वर्षाचे पैसे देण्यात शहाणपण नाही.

आणि पैसे द्यायच्या आधी एक प्रश्न, जो कुणीच विचारत नाही: खांबावरच्या बॉक्समध्ये पोर्ट, म्हणजे वायर जोडायची जागा, शिल्लक आहे का? एका बॉक्समधून आठ किंवा सोळा घरांना लाइन देता येते. तो भरला असेल तर नवीन बॉक्स बसेपर्यंत तुमचं कनेक्शन होणार नाही. बुकिंगचे पैसे मात्र आधीच घेतलेले असतात, आणि मग ‘उद्या येतो, परवा येतो’ सुरू होतं. लाइनमनला खांब दाखवायला लावा, पोर्ट आहे म्हणाला तरच पुढचं बोला.

रोख द्यायचे असतील तर

रोख देण्यात कमीपणा नाही. कापसाचे, सोयाबीनचे पैसे हातात आले की लोक रोखच देतात, आणि आमच्या भागातल्या बऱ्याच म्हाताऱ्या माणसांचं खातं अजून जिल्हा बँकेत किंवा पतसंस्थेतच आहे. फक्त छापील पावती पुस्तकातली, नंबर असलेली पावती घ्या, तिच्यावर तुमचा कनेक्शनचा मोबाइल नंबर लिहून घ्या, आणि कंपनीचा मेसेज फोनवर आल्याशिवाय दुकानातून उठू नका. मेसेज यायला वेळ लागतो म्हणाला तर म्हणावं, “चहा सांगा, बसतो मी.” व्हॉट्सॲपवर ‘रिसीव्ह्ड’ लिहून पाठवलं तेही नाहीपेक्षा बरं, पण ते त्याच्या नंबरवरून आलेलं असावं, पोराच्या नाही.

कार्ड का चालत नाही

डेबिट कार्डवाल्यांची तक्रार वेगळीच असते: “बॅलन्स हाय, पिन बरोबर हाय, तरी डिक्लाइन.” रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानुसार नवीन कार्ड एटीएम आणि दुकानातल्या मशीनपुरतंच चालू असतं. ऑनलाइन खरेदी आपल्याला बँकेच्या ॲपमधून किंवा शाखेतून चालू करून घ्यावी लागते. सोबत मर्यादाही बघा. तिथं ती शून्य ठेवलेली असते आणि माणूस कंपनीच्या नावानं ओरडत असतो. ओटीपी येत नसेल तर खात्याला जोडलेला जुना नंबर कुणाकडं आहे ते आठवा. पुण्याला गेलेल्या पोराकडं असतो, बहुतेकदा.

यूपीआयमध्ये याचाच भाऊ असलेला एक अडथळा आहे. नवीन फोन घेतला, त्यात ॲप नव्यानं चालू केलं, आणि त्याच दिवशी वर्षाचा प्लॅन भरायला गेलं की पेमेंट जात नाही. ४९९ चे बारा महिने जीएसटी धरून ७०६६ होतात, आणि नव्यानं नोंदणी केल्यावर पहिल्या २४ तासांत ५००० रुपयांची मर्यादा असते. दुसऱ्या दिवशी भरा, जातं.

‘बिल भरा’ मधून का सापडत नाही

फोनपे, गुगल पे, भीम यांच्यातल्या ब्रॉडबँड बिलाच्या खिडकीमागं भारत बिल पेमेंटची व्यवस्था आहे, तिलाच आता भारत कनेक्ट म्हणतात. तिच्यात ग्राहक क्रमांक टाकला की बिल समोर येतं. नवीन कनेक्शनवाल्याकडं ग्राहक क्रमांकच नसतो, त्यामुळं पहिलं पेमेंट इथून सहसा होत नाही. दुसऱ्या महिन्यापासून मात्र हाच रस्ता धरावा, कारण पैसे थेट कंपनीच्या नावावर पडतात आणि तक्रारही तिथंच करता येते. आपल्या ऑपरेटरचं नाव यादीत सापडत नसेल तर मिळत्याजुळत्या नावावर बिलकुल भरू नका. नाव एक, जिल्हा दुसरा, असं होतं.

ऑटोपे

बसवायला आलेला पोरगा कधी कधी तुमच्याच फोनवर ‘ऑटोपे’, म्हणजे दर वेळी पैसे आपोआप कापायची परवानगी, चालू करून देतो आणि सांगत नाही. बरं असतं ते, खात्यात पैसे असतील तर. १५,००० रुपयांपर्यंतची नेहमीची वजावट पिन न विचारता होऊ शकते, पण २४ तास आधी मेसेज यायलाच हवा. नको असेल तर यूपीआय ॲपमधल्या ऑटोपे किंवा मँडेटच्या यादीतून स्वतः बंद करता येतं. कनेक्शन तोडलं म्हणजे ऑटोपे तुटलं असं नाही.

लातूरच्या रूमवाल्या पोरांसाठी

नीट आणि जेईईच्या क्लाससाठी लातूरला, संभाजीनगरला, नांदेडला रूम करून राहणारी आपल्या भागातली पोरं चौघांत एक कनेक्शन घेतात. कनेक्शन एकाच्या आधारवर, पैसे दुसऱ्याच्या फोनवरून, राउटर तिसऱ्याच्या कॉटखाली. मे महिन्यात सगळे पांगतात आणि अनामत कुणाला मिळणार यावर फोनाफोनी होते. कंपनी ज्याच्या नावावर खातं आहे त्याच्याशीच बोलते. तेव्हा ज्याचं आधार त्याच्याच खात्यातून अनामत भरा, बाकीच्यांनी आपला वाटा त्याला पाठवा. घरमालकाच्या नावावर असेल तर मालकाकडून एक चिठ्ठी लिहून घ्या. वर्षाचा प्लॅन अशा ठिकाणी घेऊच नये.

रिफंड देतो म्हणणारा फोन

पेमेंट अडकलं की लोक गुगलवर ‘कस्टमर केअर नंबर’ शोधतात, आणि तिथं चोरांनी टाकलेले नंबर असतात. “रिफंडसाठी हे ॲप टाका”, “दहा रुपये भरून व्हेरिफाय करा”, “पिन टाका म्हणजे पैसे येतील.” पैसे यायला पिन लागत नाही, कधीच नाही. कंपनीचा नंबर बिलावरून किंवा त्यांच्या ॲपमधूनच घ्या. फसलात तर लाजू नका, लगेच १९३० ला फोन करा. पहिल्या काही तासांत कळवलं तर पैसे पुढं सरकायच्या आधी खातं गोठवता येण्याची शक्यता जास्त असते. आमच्याकडं लोक दोन दिवस घरात लपवून मग येतात, तोवर पैसे चार खाती फिरून गेलेले असतात.

तक्रार वर न्यायची असेल तर

कंपनीत तक्रार केली की डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, मागून घ्या. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१२ च्या नियमांत पुढची पायरी आहे: उत्तर पटलं नाही तर ३० दिवसांत त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडं जाता येतं, आणि तिथं ३९ दिवसांत निकाल द्यायचा असतो. ट्राय स्वतः एकेका ग्राहकाची तक्रार ऐकत नाही, तिथं अर्ज पाठवून वेळ घालवू नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर मराठीत बोलता येतं आणि अनामतीच्या प्रकरणात तिचा चांगला उपयोग होतो. चूक बँकेची असेल आणि महिनाभरात बँकेनं उत्तर दिलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जा; माहितीचा नंबर १४४४८.

‘टेलिकॉमची तक्रार ग्राहक मंचात चालत नाही’ असं कुणी ऐकवलं तर सांगा की सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२२ मध्ये चालते असं स्पष्ट केलं आहे. जिल्हा आयोगात, म्हणजे याच ग्राहक मंचात, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. दीड हजाराच्या अनामतीसाठी परभणीच्या खेपा परवडतात का, ते ज्याचं त्यानं ठरवावं. पण अर्ज तयार करून त्याचा फोटो ऑपरेटरला पाठवला की बऱ्याचदा खेप घालायची वेळ येत नाही, हा आमच्या काउंटरवरचा अनुभव आहे.

कनेक्शन बंद करताना डबी, राउटर आणि दोन्हींचे अडॅप्टर एकत्र परत करा. अडॅप्टर घरीच राहिला म्हणून अनामतीतून पैसे कापले जातात. सामान घेऊन जाणाऱ्याकडून कागदावर डबीच्या मागचा सीरियल नंबर, तारीख आणि त्याची सही घ्या, आणि त्याच कागदावर अनामत कोणत्या खात्यात यायची तो खाते क्रमांक लिहून फोटो काढून ठेवा.